पत्रकात नाव नव्हतं

त्या पत्रकात कुणाचंही नाव नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कित्येक महिने मी हेच वाक्य सांगत फिरले. घरात, बस स्टॉपवर, फोनवर, आणि बऱ्याचदा समोर कुणी नसतानाही. कारखान्याचं नाव नव्हतं. मॅनेजरचं नव्हतं. ताईचं तर नव्हतंच.

ताई म्हणजे माझी बहीण नव्हे. इथे परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरातल्या भाड्याच्या घरात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती कुडाळची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा आणि मुलगी तिकडे, ती इकडे. अवोन्डेलच्या बाजूला दह्याच्या डब्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणारा एक कारखाना होता, तिथे ती माल तपासायची. तिने शब्द टाकला म्हणून मलाही आठवड्याचे तीन दिवस पॅकिंगला घेतलं. उरलेले दिवस मी कामगारांसाठी पत्रकं काढणाऱ्या एका छोट्या गटात फुकट राबायचे. ताईला त्याची गंमत वाटायची. "काय पुढारीणबाई, आज कुणाचं राज्य उलथवलंत?" असं विचारत ती पोळ्या लाटायची.

कारखान्यात जेवायला जागा नव्हती. ही अतिशयोक्ती नाही. जेवणाची म्हणून एक खोली होती, तिच्यात छतापर्यंत झाकणांचे खोके रचलेले होते. सुट्टी म्हणजे मशीन चालू ठेवून आळीपाळीने दहा मिनिटं बाजूला होणं. कायदाही तेव्हा त्या बाबतीत तोंड मिटून बसला होता. आणि भिंतीवर चकचकीत पोस्टर: आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंब! कुठल्या घरात माणसं संडासाच्या दाराशी जेवतात?

गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीने मला लिहायला शिकवलं होतं. विशेषणं काप, म्हणायची ती. अन्याय, शोषण असले शब्द कुणी वाचत नाही. एक वस्तू दाखव. मी दाखवली. लिहिलं: इथे एक बाई रोज आपला तीन पुडांचा स्टीलचा डबा टॉयलेटच्या दाराशेजारच्या कठड्यावर उघडते आणि उभ्याने जेवते, एक डोळा मशीनवर ठेवून. पत्रक उत्तम झालं होतं. अजूनही मला ते उत्तमच वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

सबंध कारखान्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा एकच होता.

मॅनेजर ओरडला नाही. ते लोक ओरडत नाहीत. तो पत्रक घेऊन आला, डब्याशेजारी ठेवलं, हसून विचारलं, "जेवण ठीक आहे ना?" आणि 'स्वीट ॲज', म्हणजे मस्तच, म्हणत निघून गेला. ताईच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या, अर्जाला कंपनीचं पत्र लागत होतं. सही होऊन येणारच होतं. त्या आठवड्यात ते 'बघू' झालं. पत्र नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर नवरा-मुलगी इकडे येत नाहीत. ताईने घरी येऊन डबा घासला, ओट्यावर पालथा घातला, आणि पंधरा दिवसांत हिल्सबरोला दुसऱ्या घरात राहायला गेली. कारखान्यात मी दिसले की झाकणं मोजायला लागायची.

हे झालं जूनमध्ये. ऑगस्टमधल्या एका सोमवारी आमचा गट पुन्हा फाटकावर उभा राहणार होता, आणि व्यवस्थापनाने चर्चेला वेळही दिली होती. मी ताईला मेसेज केला: साहेबांसमोर फक्त एवढं म्हण की ती बाई मीच. बाकी आम्ही बघतो. तीन दिवस उत्तर नाही. शनिवारी संध्याकाळी आलं. 'उद्या तळ्यावर. बघते.'

वेळ लिहिली नव्हती. म्हणून मी पहाटे उठले.

तळं पुलापलीकडे, शहराच्या उत्तरेला. आदल्या वर्षी ताईनेच ते शोधलं होतं. कुडाळची बाई, रविवारी पाण्याकाठी गेल्याशिवाय तिला करमायचं नाही. लहानपणी भावांबरोबर खाडीवर गळ टाकून गरवायला जायची ती. इथे दोऱ्याला तरंगता फ्लोट लावून मासा धरतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसून हसून गवतावर बसली. "धरायचा, त्याची माफी मागायची आणि सोडायचा? मग धरला कशाला?" पण मग तिला ते आवडायला लागलं. विशेषतः हिवाळ्यात, कारण इथला हिवाळा म्हणजे आपला श्रावण. श्रावणात ती मासे खात नसे. "खायला बंदी आहे, भेटायला नाही," म्हणायची. मी शाकाहारी घरातली, पुण्याची. मला तर भेटण्यापुरतंच ठीक होतं.

पूर्वी आम्ही तिच्या गाडीने जायचो. आता मी दोन बस बदलून निघाले. रविवारी या शहरातल्या बस तासाला एक, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी रविवारी मेलेलंच बरं असा नगरपालिकेचा समज असावा. हातात रॉड, त्याला ताईने जुन्या परकराची शिवलेली खोळ. पाठीवर पिशवी: थर्मास, दोन कप, मळलेल्या कणकेची डबी, आणि तळाशी तीनशे पत्रकं. तेच पत्रक, डब्याचा परिच्छेद आता ठळक अक्षरांत.

पोचले तेव्हा साडेआठ वाजले होते. पाण्यावर धुकं, गवत ओलं, नैर्ऋत्येचा वारा कानात सुया टोचत होता. तळ्याच्या बहुतेक काठावर मोठमोठ्या घरांच्या बागा थेट पाण्यापर्यंत उतरतात. तळं सगळ्यांचं, काठ त्यांचा. आमच्यासारख्यांना एका टोकाला थोडी हिरवळ आणि एक बाक. तिथे एक म्हातारा इंग्रज आधीच बसला होता. तो तिथे नेहमी असायचा. चाळीस वर्षांपूर्वी यॉर्कशरहून आला आणि बहुधा थेट या बाकावरच उतरला. शिशाचे दाणे दोऱ्याला कुठे चिमटायचे, फ्लोटचं फक्त लाल टोक पाण्यावर कसं ठेवायचं, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं.

"तुझी मैत्रीण?" त्याने विचारलं.

"येतेय."

"मग वेळ आहे, हीप्स, भरपूर," म्हणाला आणि परत आपल्या फ्लोटकडे वळला.

मी कणकेची गोळी गळाला लावली आणि दोरा टाकला. ताईची पद्धत अशी: कणीक घट्ट मळायची, चिमूटभर हळद, आणि हिंग. हिंगाला इथले मासे वेडे होतात. म्हातारा आधी नाक मुरडायचा, मग त्याने एक दिवस हळूच डबी पुढे केली आणि थोडा हिंग मागून घेतला. पण कणीक नेहमी ताई मळायची. मी पहिल्यांदाच मळली होती.

लाल टोक उभं राहिलं. मी बसले.

हिवाळ्यात मासे तळाशी निजल्यासारखे असतात. तासन् तास काही होत नाही. दोघी असलो की हे न होणंसुद्धा बरं वाटायचं. ताई मुलीच्या गोष्टी सांगायची, मी जगाला शिव्या द्यायचे, मध्येच ती "श्श!" करायची आणि दोघी त्या टोकाकडे बघायचो. एकटीने बघताना ते टोक म्हणजे डोळ्यात गेलेलं कुसळ होतं. रस्त्यावर गाडी थांबली की मान वळायची. कुत्रा फिरवायला आलेलं जोडपं. मुलांना बदकं दाखवायला आलेला बाप. "किया ओरा," इथला नमस्कार म्हणाला तो. मीही म्हटलं. त्या दिवशी दुपारपर्यंत म्हाताऱ्याखेरीज माझ्याशी बोललेला तो एकच माणूस.

मनात मी ताईला सगळं समजावून सांगत होते. भाषणच तयार होतं. एकटीने भोगलं तर ते दुःख, सगळ्यांसमोर मांडलं तर तो प्रश्न. वगैरे. पत्र अडवलंय ते त्यांनी, मी नव्हे. राग त्यांच्यावर काढ. आणि त्यात नाव नव्हतं, ताई.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. या तळ्यातले बहुतेक मासे परदेशातून आणून सोडलेले आहेत आणि सरकारला ते फारसे आवडत नाहीत. कुणाला वाटेल की आता मी म्हणणार, ते मासे म्हणजे आपणच. कृपा करा. मासा हा मासा आहे. त्याला कंपनीचं पत्र लागत नाही.

दहा वाजून गेल्यावर म्हाताऱ्याने मान न वळवता विचारलं, "तुझ्या गळाला काही आहे का गं?"

"आहे की."

"एकदा बघ."

दोरा ओढला. गळ उघडा, स्वच्छ, चमकत होता. नवी गोळी लावली, काठाशीच पाण्यात बुडवून पाहिली. अर्ध्या मिनिटात ती फुलली, सुटली आणि ढगासारखी पसरून गेली. तेव्हा लक्षात आलं. मी कणकेत तेल घातलं होतं. मीठही. हात सवयीने गेला होता, पोळ्यांची कणीक भिजवताना जातो तसा. म्हणजे साडेआठपासून मी त्या गारठ्यात रिकामा गळ टाकून ध्यान लावून बसले होते.

म्हातारा मोठ्याने हसला नाही, पण त्याचे खांदे हलत होते. त्याने आपल्या ब्रेडचा मऊ भाग काढून दिला. "दाब. घट्ट. हां."

बारा वाजता मी चहा ओतला. एका कपात. दुसरा कप पिशवीत होता तो काढला नाही. दीड वाजता म्हाताऱ्याने सामान आवरलं, रविवारचं जेवण बायकोने टेबलावर मांडलं असणार. "मैत्रिणीला नमस्कार सांग," म्हणाला.

"येतेय ती."

"हो, हो," म्हणाला, आणि जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग गेला.

त्यानंतरच्या वेळेबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. पाऊस आला नाही, ऊन पडलं नाही. बोटं बधिर झाली. पोटात भूक होती आणि पाठीमागच्या पिशवीत तीनशे वेळा छापलेलं एक जेवण होतं. फोन मी दहा वेळा काढला. मेसेज करायचा नाही असं ठरवलं होतं. एकदा केला: 'आहे मी.' उत्तर नाही.

तीनच्या सुमाराला फ्लोट वर आला. बुडाला नाही, वर आला आणि पाण्यावर आडवा पडला. तळाशी चरणारी टेंच आमिष उचलते तेव्हा असं होतं, कारण दाण्यांचं वजनही तीच उचलते. हे म्हाताऱ्याने शिकवलं होतं, पण मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. मी झटका दिला आणि रॉड वाकला. जड, शांत ओढ. मासा पळत नव्हता, फक्त नाही म्हणत होता. हातजाळी ताईच्या गाडीत राहिली होती, म्हणून बुटांसकट पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी ती उचलली. ऑलिव्हसारखी हिरवी, बुळबुळीत, लालबुंद बारीक डोळा. वर्षभरात आमच्यापैकी कुणालाच लागली नव्हती एवढी मोठी.

"ताई, बघ!" मी ओरडले. खरंच ओरडले.

समोरच्या बागेतलं कुत्रं भुंकलं. मी गळ सोडवला, तिला पाण्यात धरून ठेवलं. थोडा वेळ ती माझ्या हातात तशीच थांबली आणि मग गेली.

ताई आली तेव्हा पावणेचार झाले होते. मी गाडीच्या आवाजावरून ओळखलं, तिच्या गाडीचा पट्टा थंडीत किंचाळायचा. ती हातजाळी खांद्यावर टाकून उतरली. बसली नाही.

"काही लागलं?"

"टेंच. एवढी! हाताने काढली."

"जाळी माझ्या डिकीत होती. तीच द्यायला आले." मग माझ्या पायांकडे बघून, "मरशील ना गं न्यूमोनियाने." मग डबी उचलून वास घेतला, कणीक दोन बोटांत चोळली. "तेल घातलंस?"

"मीठपण."

"पोळ्या करून घालणार होतीस त्यांना? माशाला मोहन लागत नाही, बाई!" आणि ती हसली. पूर्वीसारखी, तोंडावर हात घेऊन. मी दुसरा कप काढला, चहा कोमट झाला होता, तरी तिने घेतला. ती बाकाच्या कडेला बसली. मिनिटभर दोघी पाण्याकडे बघत होतो.

तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. मला ते जमत नाही. मी पिशवीतून पत्रक काढलं.

"उद्याचं काय ठरवलंस?"

"पाठ आहे मला ते," ती म्हणाली. हात पुढे केला नाही.

"ताई, त्यात नाव नाही."

"नाव नव्हतं. डबा होता."

"पण खरं होतं की नाही?"

"आता मी डबा नेतच नाही. सँडविच नेते. पांढरा ब्रेड, प्लास्टिकच्या डबीत. सगळ्यांसारखी."

"बघ! हेच!" मी उसळले. "हेच लिहायला पाहिजे. माणसाला स्वतःचा डबा लपवावा लागतो, यापेक्षा—"

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"लिही. लिहिशीलच तू," ती म्हणाली. "फक्त एक सांग, पुढारीणबाई. मी दाराबाहेर उभी होते. तू कुठे होतीस?"

मी पत्रकाची घडी घालत राहिले.

"सांग ना. इथे कोण ऐकतंय? बदकं?"

मी आत होते. दुपारी कोपऱ्यावरच्या 'डेअरी'तून, म्हणजे किरकोळ दुकानातून, 'पाय' आणायचा, चीजचं सारण भरलेली गरम मोठी करंजीच म्हणा, आणि टॉयलेटमध्ये कमोडच्या झाकणावर बसून खायचा. कारण कारखान्यात बसायला मिळेल अशी ती एकच जागा होती, आणि माझे पाय सुजायचे. आतली कडी तुटलेली होती. म्हणून ताई बाहेर, दाराला पाठ लावून उभी राहायची आणि शेजारच्या कठड्यावर डबा उघडायची. माझे तीन दिवस. बाकीचे दोन दिवस ती स्वतःच्या गाडीत बसून जेवायची.

हे मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं. पत्रकात मी 'रोज' लिहिलं, आणि दार बंद ठेवून स्वतः आतच राहिले. लाज वाटली. माझ्या कामाच्या परमिटचीही भीती होती, पण खरं म्हणजे लाज. एक वस्तू दाखव म्हणाली होती ती कार्यकर्ती. मी दुसऱ्याची दाखवली.

"तुझं लिहिलं असतंस तर मी सही केली असती खाली," ताई म्हणाली. तिने कप पाण्यात विसळला, झटकला आणि माझ्या पिशवीवर पालथा ठेवला. "जाळी सुकव घरी गेल्यावर. डिकीत दमटली आहे, कुजते."

"सोडू का तुला बसस्टॉपपर्यंत?" असं तिने विचारलं नाही. मीही मागे गेले नाही. पट्टा किंचाळला, गाडी वळली. मी उरलेली कणीक पाण्यात टाकली आणि अंधारायच्या आत बसला निघाले. पत्रकं पाण्यात वगैरे टाकली नाहीत. कचरा करणाऱ्यांविरुद्धही मी एकदा पत्रक लिहिलं आहे.

सोमवारी मी ती वाटली नाहीत. गटात भांडण झालं, व्हायचंच होतं. पुढच्या आठवड्यात नवं पत्रक निघालं. त्यात चीजचा 'पाय' होता, कमोडचं झाकण होतं, तुटलेली कडी होती. डबा नव्हता, दाराबाहेर कोण उभं होतं तेही नव्हतं. खाली माझं पूर्ण नाव. ते वाचून लाइनवरचे लोक हसले, मग हसायचे थांबले. महिन्याभरात माझे तीन दिवस शून्यावर आले. काम कमी आहे, असं कारण सांगितलं, अर्थात हसून. मला त्याचा आजही संताप येतो, आणि तो यावाच.

खोके मात्र हलले. कुणाकुणाकडून कळलं की त्या खोलीत आता टेबल आहे, सहा खुर्च्या आहेत, एक मायक्रोवेव्हही. वसंतात ताईचं ते कंपनीचं पत्र सही होऊन आलं हेही असंच तिसऱ्याकडून कळलं. मी तिला मेसेज केला. तिने उत्तरादाखल 'हो' लिहिलं.

त्या टेबलावर तो डबा कधी उघडला गेला का, हे मला कळलेलं नाही. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण ते पुन्हा तिच्या जेवणाकडे बघणं झालं असतं.

पुढच्या हिवाळ्यात मी तळ्यावर गेले. म्हातारा होता. कणीक मी तेलाशिवाय मळली होती, घट्ट, हिंग जरा जास्तच. त्याने हिंग मागितला, मी दिला. मग त्याने माझ्या खांद्यावरची जाळी पाहिली, रस्त्याकडे पाहिलं, आणि या वेळी काही विचारलं नाही.